मोत्यांचे दाणे, कोंबडीचे पाय

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सांगलीच्या गणपती पेठेतील किंवा साताऱ्याच्या भवानी पेठेतील एखाद्या जुन्या पेढीवर डोकावले, तर एक दृश्य अजूनही दिसते. वर्षभराचा हिशेब संगणकात असतो, बिले यंत्रातून निघतात. तरीही पाटावर लाल कापडी बांधणीची एक कोरी वही ठेवलेली असते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक काढला जातो. त्याखाली श्रीकारांची उतरंड रचली जाते : पहिल्या ओळीत एक श्री, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मग गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी, बाहुबलींचे बळ आणि कयवन्ना शेठचे सौभाग्य मागणाऱ्या ओळी येतात. वही तयार असते, मुहूर्त तयार असतो. अडते ते एका प्रश्नापाशी. लिहायचे कोणी?

‘ज्याचे अक्षर चांगले त्याने लिहावे’, असा घरोघरचा जुना दंडक. आजोबांचा हात आता थरथरतो. वडिलांना सही करण्यापलीकडे पेन धरण्याची सवय उरलेली नाही. नातू पुढे होतो, दोन ओळी लिहितो, आणि चष्मा सावरीत वहीवर वाकलेली आजी निकाल देते : ‘अरे, हे काय, कोंबडीचे पाय!’ सगळे हसतात. नातूही हसतो. पण लिहिण्याशी कोंबडीच्या पायांचा काय संबंध, हे त्याला नीटसे कळलेले नसते. कारण शेणाने सारवलेल्या अंगणात ओल्या पायांनी फिरून गेलेली कोंबडी त्याने कधी पाहिलेली नाही, आणि हाताने लिहिलेली सलग चार पानेही फारशी पाहिलेली नाहीत.

या एका वाक्प्रचाराच्या मागे मराठीत मोठा गोतावळा आहे. अक्षर चांगले असेल तर ते मोत्यांच्या दाण्यांसारखे, टपोरे, दाणेदार, ठसठशीत, घोटीव, वळणदार, रेखीव. वाईट असेल तर किरटे, गिचमिड, फराटे ओढलेले, मुंग्या चालल्यासारखे, आणि शेवटी कोंबडीचे पाय. गुजराती घरांतही मोत्यांचे दाणे हेच माप चालते, आणि निंदेला कीडी-मंकोडे धावून येतात. ज्यांच्या घरी गुजराती किंवा मारवाडी, दुकानात मराठी आणि मिरजेपलीकडच्या गिऱ्हाइकाशी थोडी कानडी, अशी बोली रोज बदलते, त्यांच्याही तोंडी अक्षराची स्तुती बदलत नाही. मोती तोच राहतो.

यातले टपोरे आणि दाणेदार हे शब्द मुळात कोठले आहेत हे व्यापाऱ्याच्या मुलाला सांगावे लागू नये. ज्वारी टपोरी असते, साखर दाणेदार असते, तूप कणीदार असते. मालाची मूठ तळहातावर घेऊन, बोटाने पसरून, दाणा दाण्यापासून सुटा आहे की नाही हे पाहण्याची जी नजर, तीच नजर कागदावर फिरली आणि तेच शब्द तिथेही लागू झाले. ठसठशीत हा शब्द कुंकवाकडून आला असावा असे वाटते. वळणदार आणि वळण यांचे नाते तर फारच जवळचे. मुलाच्या हाताला अक्षराचे वळण लावायचे आणि मुलालाही वळण लावायचे. मराठीने दोन्हींसाठी एकच शब्द पुरेसा मानला. सुरेख या शब्दाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. सुंदर रेघ असलेले ते सुरेख. मराठी माणूस साडीला, स्वयंपाकाला, गाण्याला, सूर्यास्तालाही सुरेख म्हणतो, आणि प्रत्येक वेळी नकळत एका चांगल्या ओढलेल्या रेघेची आठवण काढतो.

मराठीत हस्ताक्षर हा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात कोणी तो वापरीत नाही. ‘तिचे अक्षर चांगले आहे’ एवढेच म्हणतात. अक्षर म्हणजे जे झिजत नाही, नाश पावत नाही ते. बोरूने ओढलेल्या, ओल्या बोटाने पुसल्या जाणाऱ्या खुणेला हे नाव देण्याचे धाडस आपल्या पूर्वजांनी केले.

चीनमध्ये सुलेखन ही चित्रकलेच्या बरोबरीची, किंबहुना काहींच्या मते तिच्याहूनही श्रेष्ठ कला मानली गेली. त्यामुळे तिथे अक्षराचे वर्णन करणाऱ्या म्हणींचे एक भांडारच आहे. बहुतेक म्हणी चार अक्षरांच्या, पाठ असलेल्या. त्यांचा नूर मात्र आपल्यापेक्षा अगदी वेगळा. उत्तम अक्षर म्हणजे ‘उडता नाग, नाचता फीनिक्स’. इथे नाग म्हणजे आकाशात फिरणारा चिनी ड्रॅगन. उत्तम रेघ म्हणजे ‘लोखंडी फटकारा, रुपेरी आकडा’. आठव्या शतकातील येन चेन-छिंग आणि नवव्या शतकातील ल्यू कुंग-छ्वान या दोन लेखकांची तुलना करताना म्हणतात, ‘येनचे स्नायू, ल्यूची हाडे’. म्हणजे एकाच्या रेघेत मांसल ताकद, दुसऱ्याच्या रेघेत काटक बांधा. शाईचा जोर ‘कागदाच्या पाठीपर्यंत’ पोचला पाहिजे. चौथ्या शतकातील वांग शीची हा तर सुलेखनाचा आदिपुरुष. त्याने लाकडी फळीवर लिहिलेला मजकूर सुताराने रंधून काढायला घेतला, तेव्हा शाई लाकडात तीन फेन खोल उतरलेली आढळली, अशी कथा आहे. फेन हे चिनी मोजमाप, इंचाच्या दहाव्या भागाएवढे. ‘लाकडात तीन फेन’ ही म्हण आज चिनी माणूस एखाद्याच्या मार्मिक विवेचनाबद्दलही वापरतो.

निंदा करताना मात्र चीनही अंगणात उतरतो. वाईट अक्षराला ‘वसंतातले गांडूळ, शरदातला साप’ म्हणतात, कारण दोन्ही सुस्त, वळवळणारे, बिनहाडांचे. पोराने शाई फासून ठेवावी तसे लिहिले तर तो ‘कावळा फासणे’. भिंतींवर रंगवलेल्या आजच्या चित्राक्षरांनाही चिनी भाषेत हाच शब्द आहे. कोंबडी आणि कावळा! दोन हजार कोस अंतरावरच्या दोन आज्यांनी नातवंडांच्या वह्या पाहून पाखरांचेच पाय आठवावेत, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. खराब अक्षर ही सगळीकडे सारखीच गोष्ट. चांगल्या अक्षराच्या कल्पना मात्र लेखणीप्रमाणे बदलतात.

चिनी माणूस लवचीक कुंचल्याने लिहितो. हाताचा दाब वाढला की रेघ जाड, कमी झाला की बारीक, मनगट फिरले की फटकारा. साहजिकच तिथे जोर, वेग, हाड आणि स्नायू पाहिले जातात. आपल्याकडे बोरू. छाटलेल्या टोकाचा, न वाकणारा. रेघेची जाडी तासण्यानेच ठरून जाते; लिहिणाऱ्याच्या हाती उरते ते सारखेपण. शिवाय देवनागरीची अक्षरे शिरोरेषेला लटकतात. रेघ म्हणजे दोरा आणि अक्षर म्हणजे त्यात ओवलेला मणी. एक मणी लहान, एक मोठा झाला की माळ बिघडते. म्हणून आपल्याला ड्रॅगन सुचला नाही, मोती सुचला.

मोत्यांच्या माळेची ही उपमा मराठीत कोणी मनापासून वापरली असेल, तर ती सज्जनगडावर आयुष्याची अखेरची वर्षे घालवलेल्या समर्थ रामदासांनी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. धर्मग्रंथात असा समास यावा हेच विशेष. त्यात उपदेश कमी आणि कारखानदारी अधिक. बाळबोध अक्षर घासून-घोटून सुंदर करावे. ते वाटोळे, सरळ, मोकळे असावे. शाई काळीभोर असावी आणि ओळी मुक्तमाळांसारख्या चालाव्यात. काना, मात्रा, वेलांटी नेमकी यावी. ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच लेखणीचे वाटावे. शाईचा काळेपणा, टाकाचा ठसा, अक्षराचा बाक मध्येच बदलू नये. ओळीला ओळ लागू नये.

आणि मग व्यवहारी माणसाला चटकन पटेल असा एक सल्ला येतो. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा. पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये. समास सोडण्याला आपण आज सौंदर्याचा भाग मानतो. समर्थांनी तो विमा मानला होता. तरुणपणी फार बारीक लिहिण्याची हौस असते, पण म्हातारपणी तेच वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकार धरावा, हाही त्यांचाच इशारा. चिनी लोक अतिबारीक अक्षराला ‘माशीचे डोके’ म्हणतात, पण कौतुकाने. समर्थांना ते कौतुक मान्य झाले नसते. स्वतः समर्थांनी लिहून काढलेल्या वाल्मीकि-रामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. सांगणारा लिहिणाराही होता.

समर्थांचा समास बाळबोधासाठी आहे. दरबारात आणि बाजारात मात्र चालत होती ती मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जात राहायचे. तिथे मोत्यांना वाव कमी. तिथली स्तुती लपेटीची आणि वेगाची. मोडीची वळणेही माणसांच्या आणि घराण्यांच्या नावांनी ओळखली जात : चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. चिटणिशी वळण म्हणजे शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्याचे. याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणिसांनी पुढे साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरी राहून बखर लिहिली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आजही उभा आहे, आणि त्याच्या दप्तराने इतिहासकारांच्या पिढ्या पोसल्या. इकडे मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांचे मोडी कागद वाचून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंडामागून खंड प्रसिद्ध केले. पराक्रम पटवर्धनांचा खरा. पण तो आपल्यापर्यंत पोचला तो कारकुनांच्या लपेटीतून आणि ती उलगडणाऱ्या एका शिक्षकाच्या डोळ्यांतून.

दप्तरातून मराठीला मिळालेले शब्द वेगळेच. शिक्कामोर्तब, मखलाशी, रुजुवात. मखलाशी म्हणजे कागदाच्या शेवटी अधिकाऱ्याने केलेला निर्णायक शेरा; आज तिचा अर्थ शब्दांची सारवासारव असा घसरला आहे. ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराची कथा तर शाळकरी मुलालाही ठाऊक. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दातला ध पुसून आनंदीबाईंनी मा केला, अशी वदंता. असा कागद काही सापडलेला नाही. पण या खुनाचा निवाडा करणारे रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, आणि त्यांचा निवाडा मात्र वदंता नव्हे. एका अक्षराने माणूस मरू शकतो, ही गोष्ट खरी असो वा नसो, समाजाला ती पटण्याजोगी वाटली. यातच लिहिलेल्या अक्षराचा धाक कळतो.

मारवाडी घरांत याच धाकाची हसरी आवृत्ती आहे. महाजनी लिपीत काना-मात्रा गाळण्याची रीत. काकाजी अजमेरला गेले, असे पत्र आले; वाचणाऱ्याने वाचले, काकाजी आज मेले. घरात रडारड झाली. ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण ती आपल्याच नात्यातली म्हणून सांगतो. म्हणूनच ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ हे शब्द मराठीत पुराव्याचे प्रमाणपत्र ठरले.

व्यापाऱ्याच्या अक्षराला नुसते सौंदर्य नव्हते, पत होती. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे ३४ वे कलम जुन्या पेढीवाल्यांना तोंडपाठ असे : नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद न्यायालयात पुढे करता येते, मात्र केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. त्याच कायद्याचे ४७ वे कलम अक्षर ओळखण्याविषयी आहे, आणि त्यात दिलेले उदाहरण व्यापाऱ्यांचेच. लंडनच्या एका व्यापाऱ्याचे पत्र खरोखर त्याच्याच हातचे आहे का, हे कोण सांगू शकेल? त्याच्याशी पत्रव्यवहार असलेला कलकत्त्याचा व्यापारी सांगू शकेल. ती पत्रे तपासून लावून ठेवणारा त्याचा कारकून सांगू शकेल. आणि ज्याच्या सल्ल्यासाठी ती पत्रे जात तो दलालही सांगू शकेल. कायद्याने तज्ज्ञाच्या जोडीला दुकानाच्या मुनिमालाही साक्षीदार मानले. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. कायदा बदलला तरी अक्षर ओळखणारा माणूस हवाच. आणि पेढीवर असा माणूस आता शोधावा लागतो.

जैन घराला अक्षराची थोरवी नव्याने सांगण्याचे कारण नाही. भगवान ऋषभदेवांनी उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी शिकवली आणि डाव्या हाताने सुंदरीला गणित, ही कथा पाळण्यातच कानी पडते. भगवतीसूत्राच्या आरंभी ब्राह्मी लिपीला वंदन आहे. लिपीलाच नमस्कार करून आगम सुरू व्हावा, ही गोष्ट सहज सापडणारी नव्हे. मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढाव्या की नाही यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच समाजात वाद झाले, तेव्हा कोणाला ही ब्राह्मी आठवली होती की नाही, कोण जाणे.

मराठीतला ‘ओनामा’ही आपल्या ओळखीचा आहे. धूळपाटीवर पहिले अक्षर काढण्याआधी मूल ‘ओनामासीधं’ म्हणे. ते मूळचे ‘ॐ नमः सिद्धम्’. सिद्धांना केलेला हा नमस्कार केवळ जैनांचाच, असा हट्ट धरण्याची गरज नाही. बौद्ध आणि वैयाकरणही सिद्धम् म्हणूनच अक्षरओळख सुरू करीत. सातव्या शतकात भारतात आलेल्या इ-त्सिंग या चिनी यात्रेकरूने नोंदवून ठेवले आहे की, इथली मुले सहाव्या वर्षी सिद्धम् नावाची पहिली पोथी हाती घेतात आणि सहा महिन्यांत संपवतात. याच शब्दावरून भारतीय लिपीच्या एका वळणाला चीनमध्ये आणि जपानमध्ये ‘सिद्धम्’ हेच नाव पडले. कुंचल्याने लिहिणाऱ्या त्या भिक्षूंनी आपली अक्षरे त्यांच्या पद्धतीने लिहिली. जपानी वर्णमालेच्या क्रमावर या अभ्यासाची छाप आहे. कराडच्या किंवा विट्याच्या शाळेतले मूल जो ओनामा गिरवीत होते, त्याचा एक चुलत-चुलत भाऊ जपानच्या मठात कधीचा पोचला होता.

पोथ्या उतरवणाऱ्या लहियांनीही मराठीला दोन वाक्प्रचार दिले. पहिला ‘हरताळ फासणे’. पोथीत चूक झाली तर ती खोडीत नसत. पिवळ्या हरताळाचा लेप देऊन अक्षर झाकीत आणि वर नवे लिहीत. ग्रंथभांडारातील पोथी उजेडात धरली की हे पिवळे ठिपके अजून दिसतात. आज एखाद्याने कोणाच्या मेहनतीला हरताळ फासला म्हणतात, तेव्हा वाईटच अर्थ असतो. मूळ काम मात्र दुरुस्तीचे होते. दुसरा ‘मक्षिकास्थाने मक्षिका’. मूळ पोथीत माशी चिरडलेली दिसली म्हणून नकल करणाऱ्याने तेथे नेमकी माशी मारून चिकटवली, अशी ती थट्टा. लहिये स्वतः हा दोष जाणून होते. पोथीच्या शेवटी ते लिहून ठेवीत की, जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. आणखी लिहीत : पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली मुंडी घालून, कष्टाने हे लिहिले आहे, तेव्हा जपून ठेवा. तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, ढिल्या बांधणीपासून राखा.

या कष्टांचे सर्वांत मोठे उदाहरण मिरजेशी जोडलेले आहे. षट्खंडागमाची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत, जवळजवळ केवळ दर्शनापुरती उरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने तिची नागरी नकल सुरू झाली. ते काम ज्यांच्या हाती आले त्यांत मिरजेचे पंडित गजपतिशास्त्री होते. हे काम वर्षानुवर्षे चालले. ठरल्याप्रमाणे ती नकल मूडबिद्रीतच राहायची होती. गजपतिशास्त्रींनी मात्र पत्नीच्या मदतीने, व्यवस्थापकांच्या नकळत, घरी आणखी एक कानडी प्रत उतरवली. ती सहारनपूरला लाला जंबूप्रसाद यांच्याकडे गेली. तिथे तिची नागरी प्रत झाली, आणि त्या प्रतीवरून इतर प्रती देशभर पसरल्या. १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला छापील खंड निघाला, तो या हस्तलिखित प्रतींच्या आधारावर. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी रुजुवात घालण्याचीही सोय झाली आणि १९५८ पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले.

गजपतिशास्त्रींनी केले ते योग्य की अयोग्य, यावर दोन मते झाली, आणि होणारच. दिलेला शब्द मोडला हेही खरे, आणि त्या घरातल्या दिव्याखाली दोन माणसांनी कंबर मोडून लिहिले नसते तर श्रुतपंचमीला आज घरोघरी ज्या ग्रंथाचे पूजन होते, तो इतक्या लवकर कोणाच्या हाती आला नसता हेही खरे. नागरी नकल एका हाताची, कानडी दुसऱ्या, पुन्हा नागरी तिसऱ्या हाताची; प्रत्येक हस्तांतरात माशीला माशी मारण्याची भीती. संपादकांना पुढे पाठ सुधारावे लागले, ते त्यामुळेच.

पाण्यापासून राखा, असे लहिया लिहून गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेले आणि सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. हळद, गूळ, कापड यांचे नुकसान पंचनाम्यात मांडले गेले. पोटमाळ्यावर किंवा कोठारात बांधून ठेवलेल्या जुन्या वह्यांचा पंचनामा कोण करणार? पाणी ओसरल्यावर ज्यांनी त्या उन्हात पसरल्या, त्यांना एक गोष्ट दिसली असेल. फाउंटन पेनच्या निळ्या शाईचे लोट झाले होते, आणि त्या वाहून गेलेल्या रोजकीर्दीत काय होते हे कोणालाच सांगता येत नव्हते. जी पाने शाबूत होती ती मोडीत असतील, तर तीही वाचता येत नव्हती. एक पान पाण्याने मिटले, दुसरे विस्मरणाने; रद्दीवाल्याच्या तराजूत दोन्हींचा भाव एकच.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवली जात होती. ती शिकलेली पिढी आता जवळपास नाही. कोठे जमिनीचा जुना वाद निघाला की मोडी वाचणारा शोधीत घरची माणसे जिल्हा पालथा घालतात. पण वादाची गरज नसलेल्या वह्या कोण वाचणार? त्यांत हरिपूरच्या हळदीच्या पेवांची मोजमापे असतात, धर्मादायाचा पैसा असतो, मुलीच्या लग्नाचा खर्च असतो, दुष्काळात सोडून दिलेली बाकी असते. मोडी निदान शिकता तरी येते. पुण्या-मुंबईला आणि इतरत्रही तिचे वर्ग चालतात, आणि चांगल्या शिक्षकाकडे ओळख व्हायला काही महिने पुरतात. पण ‘हे अक्षर थोरल्या काकांचे, हे मुनीमजींचे, आणि ही बारीक बेरीज आजीने केलेली’, हे कोणत्याच वर्गात शिकवीत नाहीत. ते कायद्याच्या ४७ व्या कलमातल्या त्या कारकुनासारख्या, रोज पाहिलेल्या डोळ्यालाच ठाऊक असते. आणि असे डोळे प्रत्येक घरात एखाद-दुसरेच उरले आहेत.

लक्ष्मीपूजनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी ज्ञानपंचमी येते. त्या दिवशी पोथ्यांची बांधणे सोडतात, त्यांना वारा देतात, कसर झटकतात, नवे रुमाल बांधतात. पोथ्यांच्या शेजारी त्या दिवशी जुन्या वह्यांचे गाठोडेही सोडता येईल. नातवाच्या फोनवर पानांची छायाचित्रे निघतील. आजोबा किंवा आजी शेजारी बसून पान-पान पाहतील आणि कोणाचे अक्षर ते सांगतील. नातवाने चिठ्ठीवर ते नाव, त्या माणसाचे नाते आणि वहीचे साल लिहून पानात ठेवावे. चिठ्ठी मात्र हातानेच लिहावी. अक्षर कोंबडीच्या पायांसारखे आले तरी हरकत नाही. चारी बाजूंना समास तेवढा सोडावा.